फायटर माशाच्या अंगावर सोनेरी भुकटी, मदत हवी (परभणी)

पूर्णाकाठ • ६ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

लेकीच्या वाढदिवसाला ऑक्टोबरात निळा फायटर, म्हणजे बेट्टा मासा आणला. नाव निळ्या. काचेच्या गोल भांड्यात टेबलावर असतो. दोन-अडीच महिने झकास होता, काचेला बोट लावलं की कल्ले फुगवून अंगावर यायचा. मागच्या गुरुवारपासून लेकरू सुस्त पडलंय. पंख मिटून तळाला बसतो, मधेच झटका आल्यागत गोट्यांवर अंग घासतो, दाणा तोंडात घेऊन थुंकतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला व्हाइट स्पॉट असंल, थंडीत होतंयच. हिरव्या-निळ्या औषधाची बाटली दिली. तीन दिवस झाले टाकायलेय. पाणी हिरवंगार झालं, फरक शून्य.

काल रात्री लाइट गेली तेव्हा मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं. पांढरे ठिपके कुठंच नाहीत. पण डोक्यामागं आणि पाठीवर बारीक सोनेरी धूळ. माळेगावच्या यात्रेतून अंगावर भंडारा उधळून घेऊन आल्यासारखा दिसायलाय. दिवसा काहीच दिसत नाही, टॉर्च तिरपा धरला तरच.

डिसेंबरच्या शेवटी त्याच दुकानातून एक पाणवनस्पती आणून भांड्यात लावली, एवढंच नवीन. पाणी दर रविवारी बदलते, पिण्याच्या जारचं. सासूबाई म्हणतात शंभराच्या माशाला पाचशेचं औषध कशाला. पण लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी भांड्याकडं पळते. काय करू?


मोसंबीवाला • ६ जानेवारी, रात्री १०.०५

ताई, आपण जालन्याचे मोसंबीवाले. बुरशी असो की किडा, मोरचुदासारखं (कॉपर सल्फेट) औषध नाही. झाडाच्या डिंक्या रोगाला आम्ही मोरचूद-चुन्याचं बोर्डो लावतोच. चिमूटभर मोरचूद टाका पाण्यात, उद्या मासा पळायला लागंल. माशाच्या कितीतरी औषधांत तेच असतंय, बाटलीचे पैसे घेतात फक्त.


बदामाचं_पान • ६ जानेवारी, रात्री १०.२०

शाळेच्या आवारात बदामाचं झाड असेल तर गळून वाळलेली दोन पानं धुऊन टाका. पाणी चहासारखं होतं, फायटरला मानवतं. सोबत चिमूटभर हळद. केमिकलच्या नादी लागू नका.


औंढ्याचा_गडी • ६ जानेवारी, रात्री १०.३१

शेळ्यांना जंताचं पाजतो त्यातला एक थेंब टाकून बघा की. जंत ते जंत.


उदगीर_मत्स्य • ६ जानेवारी, रात्री ११.१५

ताई, आज रात्री काहीच टाकू नका. मोरचूद नको, हळद नको, शेळीचं औषध तर नकोच. मी उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकतो. डॉक्टर नाही. पण तुम्ही भंडारा म्हणालात तिथंच निम्मं काम झालं. व्हाइट स्पॉट असता तर रवा शिंपडल्यासारखे पांढरे, सुटेसुटे, मोजता येतील असे दाणे दिसले असते. टॉर्चमध्येच चमकणारी सोनेरी धूळ आणि अंग घासणं म्हणजे बहुतेक व्हेल्वेट नावाचा रोग. त्याचा परजीवी पिसिनूओडिनियम, एका पेशीचा जीव, जंत नव्हे.

औंढ्याच्या दादांचं अगदीच चूक नाही बरं का. कॅमलॅनस नावाचा जंत फायटरला होतो, शेपटीच्या बाजूला लाल दोरे लोंबताना दिसतात. तिथं लेव्हामिसोल, जे शेळ्या-मेंढ्यांना देतात तेच, खरंच वापरतात. इथं ते दोरे नाहीत.

उद्या चार गोष्टी सांगा. भांड्यात नेमकं किती लिटर पाणी आहे, अंदाजे नको, मोजून. औषध किती थेंब टाकलं. पाण्याचं तापमान पहाटे किती आणि दुपारी किती. आणि जारचं पाणी थंड असतं का साधं?


तेरणाकाठचा • ७ जानेवारी, सकाळी ७.१०

वाचतोय. आमच्या गप्पीला असंच काहीतरी झालं होतं.


पूर्णाकाठ • ७ जानेवारी, दुपारी ३.३०

मोजलं. मला पाच-सहा लिटर वाटायचं, लिटरच्या बाटलीनं भरलं तर निघालं सव्वातीन. औषधावर दोन लिटरला एक थेंब लिहिलंय, मी रोज पाच टाकले. कालपर्यंत पंधरा.

तापमानासाठी आधी घरातला तापाचा थर्मामीटर बुडवला, तो पस्तीसच्या खाली बोलतच नाही. हसू नका. मग शाळेच्या प्रयोगशाळेतला आणला. सकाळी सहाला १७ अंश, आता तीनला २४. भांडं खिडकीशी आहे, दुपारी ऊन येतं.

आणि जार थंडच येतो हो. आमचा जारवाला बारा महिने मशीनमधून गार करूनच देतो. मी रविवारी सकाळी तसाच ओतायचे. आता लिहितानाच पोटात गोळा आला.


उदगीर_मत्स्य • ७ जानेवारी, रात्री ९.००

पोटात गोळा आणू नका, हे निम्म्या घरांत असंच चालतं. नीट सांगतो, जरा लांबेल.

आधी एक गैरसमज काढू. थंडीनं हा रोग होत नाही. परजीवी बाहेरून आला, बहुधा त्या पाणवनस्पतीसोबत. दुकानात सगळ्या टाक्यांना एकच जाळी फिरते, एकच पाणी उडतं. थंडीनं काय केलं, तर माशाची ताकद काढून घेतली. बेट्टा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांच्या आणि उथळ डबक्यांच्या कोमट पाण्यातला. त्याला २५ ते २८ अंश लागतात. एका दिवसात सात अंशांचा झोका आणि रविवारी वरून गार पाण्याचा हबका, म्हणजे माशाला पहाटे उघड्यावर आंघोळ.

आता परजीवीचं. तो मुळ्यांसारख्या धाग्यांनी कातडीला आणि कल्ल्यांना रुततो, पेशींवर पोसतो. पोट भरलं की गळून तळाला पडतो. तिथं कवचात बसून फुटायला लागतो, दोनाचे चार, चाराचे आठ, असं करत एकाची २५६ पर्यंत पिल्लं होतात. ती कवच फोडून पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. अंगात रुतलेल्याला ते फारसं बाधत नाही, कवचातल्याला तर नाहीच. व्हाइट स्पॉटचीही हीच तऱ्हा, तो तर कातडीच्या आतच घर करतो.

पंचवीस अंशाच्या आसपास ही फेरी साधारण १० ते १४ दिवसांत पुरी होते. पाणी गार असलं की लांबत जाते. तुमच्या १७ अंशांच्या पाण्यात तीन दिवस औषध टाकणं म्हणजे चोर घरात झोपलेला असताना गल्लीत गस्त घालणं. त्यात मात्रा तिप्पट झाली. निळ्या अजून जिवंत आहे म्हणजे गडी चिवट आहे.

करायचं असं. दहा लिटर मावतील असा स्वच्छ टब घ्या, साबणाचा हात न लागलेला. त्यात निम्मं घरचं बोअरचं आणि निम्मं जारचं पाणी, रात्रभर उघडं ठेवलेलं. नळाचं असेल तर क्लोरिन काढायचे थेंब टाका. पहिल्या दिवशी पाणी भांड्यातल्याइतकंच कोमट हवं. २५ वॉटचा हीटर मिळतो, तो पूर्ण बुडवून लावा. दिवसाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त चढवू नका, २८-२९ ला थांबा. पाण्यात हात घालायच्या आधी हीटरची पिन काढा, हे लेकीलाही सांगून ठेवा.

मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे दहा लिटरला सपाट दोन चमचे, वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात दोन-तीन वेळा थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी तितकंच आणखी. मग बास. वनस्पती टबात घालू नका, मिठानं जाईल.

औषध ऍक्रिफ्लेविन, पिवळ्या रंगाचं येतं. बाटलीवरच्या प्रमाणात, मोजलेल्या पाण्याला. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. रोज पाव पाणी बदला आणि मीठ-औषध फक्त त्या नव्या पाण्यापुरतं टाका. सगळ्यात जास्त चुका इथं होतात. लोक पाणी पाव बदलतात आणि औषध पूर्ण टबाचं घालतात.

आणि अंधार. हा परजीवी अर्धा वनस्पतीसारखा आहे, अंगात हरितद्रव्य बाळगतो, उजेडात थोडं अन्न स्वतः बनवतो. टबावर काळं कापड टाका. फक्त अंधारानं मरणार नाही, पण दमेल. पाण्याची पातळी काठापासून चार बोटं खाली ठेवा. फायटर वर येऊन हवा गिळतो, त्याला तेवढी जागा हवी, आणि वरची हवाही कोमट हवी.

खाणं दिवसाला दोन दाणे. नाही खाल्लं तर काढून टाका. चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी मरत नाही.


मोसंबीवाला • ७ जानेवारी, रात्री ९.३५

एवढं महाभारत! आमचे आजोबा विहिरीत शेवाळ झालं की मोरचुदाची पुरचुंडी सोडायचे. विहिरीतले मासे काय मेले नाहीत. पुस्तकातलं वेगळं अन् रानातलं वेगळं.


उदगीर_मत्स्य • ७ जानेवारी, रात्री १०.१०

काका, तांबं व्हेल्वेटवर चालतं, तुमचं बरोबर आहे. पण माप बघा. पाण्यात लिटरला साधारण ०.१५ मिलिग्रॅम तांबं लागतं. दहा लिटरला दीड मिलिग्रॅम. मोरचुदात तांबं असतं चौथा हिस्सा, म्हणजे मोरचूद झालं सहा मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली हलत नाही. सहा मिलिग्रॅम तुम्ही कशानं मोजणार?

विहिरीचं म्हणाल तर तिथं पाणी लाखो लिटर. शिवाय आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड, त्यातले क्षार तांब्याला धरून ठेवतात. ताईंचं पाणी जारचं, आरओचं, त्यात क्षार नावालाच. तेवढंच तांबं तिथं कितीतरी जास्त जहाल होतं.


मोसंबीवाला • ७ जानेवारी, रात्री १०.१४

बरं बाबा.


मांजरापल्याड • ८ जानेवारी, सकाळी ८.२०

लातूरहून. ताई, माझी चूक ऐका म्हणजे तुम्ही करणार नाही. माझ्या लाल फायटरला मागच्या वर्षी हेच झालं. चौथ्या दिवशी अंग लख्ख, मासा खायला लागला. मी खूश. औषध बंद, हीटर बंद, पाणी पूर्ण बदललं, पण गोट्या त्याच ठेवल्या. आठव्या दिवशी धूळ परत आली ती दुपटीनं, कल्ल्यांत शिरली. दहाव्या दिवशी गेला. अंग साफ झालं ते औषधानं नव्हतं, सगळे एकदम पोट भरून गळून पडले होते. तळाला फुटत बसले होते. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नाही.

अवांतर: लातूरकराला पाण्याचं काही सांगायला लागत नाही, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही प्यायलोय. तेव्हा आमच्या घरात माशाच्या पाण्याचा पाव भाग बदलायचा विषय काढायची कुणाची हिंमत नव्हती. काढलेलं मिठाचं पाणी कुंडीत मात्र घालू नका, मोगरा जळतो.

कामाची गोष्ट: औषधाच्या दुकानात लशी येतात ते थर्माकोलचे खोके मिळतात, बऱ्याचदा फुकट. टब त्यात ठेवा, झाकणाला भोक पाडा. ऊब राहते आणि अंधारही.


पूर्णाकाठ • ९ जानेवारी, रात्री ८.४५

अपडेट. टब, हीटर, पिवळं औषध, खोकं, सगळं जमवलं. एकूण ७४० रुपये. सासूबाईंना २०० सांगितलेत.

निळ्याला ओंजळीत घेऊन हलवायची भीती वाटली, तर चहाच्या कपानं उचलला. काल २३, आज २६ अंश. सकाळी चार ते आठ लाइट नव्हती, पण खोक्यात २४ च्या खाली उतरलं नाही. लातूरच्या ताईंना एक चहा लागू.


बदामाचं_पान • ९ जानेवारी, रात्री ९.३०

बदामाच्या पानाचं काय मग? माझ्या माशांना मी नेहमी टाकते, कधीच काही झालं नाही.


उदगीर_मत्स्य • ९ जानेवारी, रात्री १०.००

पान चांगलंच आहे, पाणी किंचित आंबट करतं, माशाला निवांत वाटतं. बरं झाल्यावर टाका. पण व्हेल्वेट पानानं जात नाही. हळदीचा गाळ मात्र कल्ल्यांत बसेल, ती नको.


पूर्णाकाठ • १२ जानेवारी, सकाळी ६.५०

कापड बाजूला करून टॉर्च मारला. अंगावर काहीच नाही! दोन्ही दाणे खाल्ले. लेक नाचायलीय. मांजरापल्याड ताईंची गोष्ट वाचली नसती तर आज खरंच सगळं बंद केलं असतं. चालू ठेवते.


पूर्णाकाठ • १५ जानेवारी, रात्री ९.१५

संक्रांतीच्या गडबडीत दोन दिवस पाणी बदलायचं राहिलं. आज बघते तर मानेपाशी परत थोडी धूळ. पंखाच्या टोकाला चिरल्यासारखं झालंय. वरच्या वर तोंड काढून हवा घ्यायलाय. रडू आलं खरंच. आता काय, मात्रा वाढवू?


उदगीर_मत्स्य • १५ जानेवारी, रात्री ९.४०

मात्रा वाढवू नका. ही पुढची पिढी. कवचातून सुटली, त्यातली काही औषधातून वाचून चिकटली. पहिल्या वेळेपेक्षा धूळ कमी आहे का जास्त, तेवढं बघा. कमी असेल तर आपण जिंकायलोय.

आज लगेच अर्धं पाणी बदला, तेवढ्याच तापमानाचं, तळापासून नळीनं ओढून. तळातला गाळ काढला की कवचंही जातात. दोन दिवसांच्या घाणीनं अमोनिया वाढला असेल, पंख त्यानंही चिरतात. वरच्या वर हवा घेतोय कारण कल्ले दुखावलेत. बाकी माशांचं इथं संपलं असतं, फायटरला हवेतून श्वास घ्यायचा वेगळा अवयव आहे म्हणून त्याला वेळ मिळतोय. हवेचा पंप असेल तर एकदम मंद सोडा, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.


औंढ्याचा_गडी • १५ जानेवारी, रात्री १०.२०

ताई धीर सोडू नका. आमच्या इथं सगळे विचारायलेत निळ्याचं काय झालं. चहाच्या टपरीवर वाचून दाखवला धागा.


पूर्णाकाठ • १८ जानेवारी

धूळ गेली. हवा घेणं कमी झालं. पाणी रोज बदलायलेय, गजर लावून.


तेरणाकाठचा • १९ जानेवारी, दुपारी १.००

जुन्या भांड्याचं काय केलंत? गोट्या, जाळी, ती वनस्पती?


पूर्णाकाठ • १९ जानेवारी, रात्री ८.००

वनस्पती टाकून दिली. गोट्या उकळून गच्चीवर वाळत घातल्यात, भांडं आणि जाळी धुऊन तिथंच उन्हात पालथी. आठ दिवस झाले.


उदगीर_मत्स्य • १९ जानेवारी, रात्री ८.३०

बरोबर. कोरडं पडलं की याचा खेळ संपतो, आणि आपल्याकडं उन्हाला तोटा नाही. पण निळ्याला परत त्या सव्वातीन लिटरात टाकू नका. गोल भांड्यात तापमान आणि घाण दोन्ही भराभर बदलतात. दहा-बारा लिटरची चौकोनी टाकी घ्या. पुढं काहीही नवीन आणलं, मासा की वनस्पती, तर तीन आठवडे वेगळ्या भांड्यात.


पूर्णाकाठ • २६ जानेवारी, सकाळी ११.४५

झेंडावंदन करून आले आणि आधी टॉर्च मारला. उपचार सुरू करून आज अठरा दिवस झाले. १५ तारखेला धूळ दिसली त्याला अकरा दिवस झाले, हे लेकीनं कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवलंय. मिठाचं पाणी थोडं थोडं बदलून साधं करायलेय. शेपटीचा एक कोपरा गेला तो गेलाच, पण कडेनं पातळ पारदर्शक काहीतरी उगवायलंय. काल आरसा दाखवला तर कल्ले फुगवले. सासूबाई म्हणाल्या, आला वाटतं ताळ्यावर. रोज संध्याकाळी खोक्याचं झाकण उघडून त्याच बघत होत्या, हे मला लेकीनं आत्ता सांगितलं.

सगळ्यांचे आभार. टाकी बारा लिटरची सांगितलीय.


मांजरापल्याड • २६ जानेवारी, दुपारी १२.३०

वा! हीटर मार्चपर्यंत काढू नका. आणि मेमध्ये उलटं होईल, तेव्हा टाकी खिडकीतून हलवा. ४२-४३ च्या उन्हात पाणी ३४ च्या पुढं जातं.


मोसंबीवाला • २९ जानेवारी, रात्री ९.२०

उदगीरच्या दादाचं ते सहा मिलिग्रॅम काही डोक्यातून जाईना. काल सराफ्यात बायकोचं मंगळसूत्र ओवायला द्यायचं होतं, जाताना खिशात पुडी बांधून मोरचूद नेलं. सोनार ओळखीचा. काट्यावर कागद ठेवून माझी चिमूट सोडली. ३१० मिलिग्रॅम. परत एकदा, ३४०. सोनार म्हणाला तुमची बोटं शेतकऱ्याची, थांबा, आणि त्याची चिमूट टाकली. २७०.

घरी येऊन हिशेब मांडला. माझ्या एका चिमटीला पाचशे लिटरच्या वर पाणी पाहिजे, म्हणजे गच्चीवरची काळी टाकी भरून. ताईंच्या सव्वातीन लिटरात पडली असती तर दीडशे पटीच्या पुढं.

सोनार विचारत होता, एवढं बारीक माप कशाला पाहिजे. फवारणीचं आहे म्हणालो. मासा म्हणालो असतो तर सराफ्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.